शेऱ्याचा रकाना

अण्णांची एक लांबट वही आमच्या घरात अजून आहे. त्यांच्या राजदूत मोटरसायकलची. पाच रकाने आखलेले : तारीख, किलोमीटर, लिटर, रुपये आणि शेवटी शेरा. चार रकान्यांत आकडे, पाचव्यात दोन-तीन शब्द. ‘डबल सीट.’ ‘कराडपर्यंत पाऊस.’ ‘प्लग बदलला.’ ‘वारा समोरून.’ लहानपणी मला ती वही रुक्ष वाटायची. 2019 च्या दिवाळीत मी डॉमिनार 400 घेतली आणि पहिल्याच आठवड्यात तशीच वही आणून तसेच रकाने आखले.

‘ॲव्हरेज किती देते?’ हा प्रश्न मला कधीच क्षुद्र वाटला नाही. 1985 मध्ये हिरो होंडाची सीडी 100 आली आणि लिटरला किती किलोमीटर हा आपल्याकडे घराघरांतला हिशेब झाला. त्याच्या आधीही अण्णांसारखी माणसं तो वहीत मांडत होतीच. मला खटकतं ते दुसरंच वाक्य. ‘एवढी मोठी गाडी घेतल्यावर पेट्रोलचा काय विचार करायचा?’ विचार मोठ्या गाडीवरच जास्त करायला हवा, कारण वाया घालवायला तिच्याकडे जास्त असतं. 373 सीसीचं इंजिन, 40 पीएस. सपाट रस्ता आहे, वारा पडलेला आहे आणि मी एकटीच 80 च्या वेगानं चालले आहे, अशा वेळी त्यातली पाव ताकदही लागत नाही. बाकीची राखीव असते. ट्रकला ओलांडताना, चढाला, मागे माणूस बसल्यावर ती हाताशी असते, आणि ती तशी असणं हेच मोठ्या गाडीचं खरं सुख आहे. ती सतत जाळत राहिलं पाहिजे असं कुठे आहे?

पहिल्या दोन महिन्यांच्या नोंदी आज वाचताना मला माझं तेव्हाचं चालवणं दिसतं. शहरात लिटरला 23-24. पुणे-कोल्हापूर 230 किलोमीटर, लिटरला 26. शेऱ्याचा रकाना कोरा. अण्णांनी वही चाळली आणि एवढंच म्हणाले, “आकडा लिहितेस, कारण लिहीत नाहीस.”

मग मी मोजायलाही नीट शिकले. टाकी दर वेळी एकाच पद्धतीनं भरायची : गाडी सरळ उभी धरायची, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झालं की थांबायचं, वरून आणखी अर्धा लिटर कोंबायचा नाही. आणि एका टाकीच्या आकड्यावर भरवसा ठेवायचा नाही. तीन टाक्यांचे किलोमीटर आणि लिटर मिळवून मग भागाकार करायचा. एवढं केलं तरच पुढचं सगळं खरं की मनाचं समाधान, ते कळतं.

सगळ्यात मोठा फरक पडला तो वेगानं. महामार्गावरच्या वेगाला गाडीचं मुख्य भांडण रस्त्याशी नसतं, हवेशी असतं. आणि हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. 80 चे 100 केले की वेग सव्वापट होतो, पण हवेचा विरोध 56 टक्क्यांनी वाढतो. 110 ला तो 80 च्या मानानं जवळजवळ दुप्पट. मोटरसायकल दिसायला सडपातळ असली तरी हवेच्या लेखी ती मोटारीपेक्षा ओबडधोबड वस्तू आहे : चाकं उघडी, इंजिन उघडं, वर ताठ बसलेलं माणूस. पावसाळ्याच्या तोंडी कोल्हापूरकडे जाताना नैऋत्येचा वारा समोरून तिरका येतो. वारा थेट समोरून ताशी 20 चा असेल तर माझ्या 80 ला हवा 100 सारखी लागते. अण्णांच्या वहीत ‘वारा समोरून’ हा शेरा इतक्या वेळा का आहे, हे मला असं उशिरा कळलं.

1973 च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेनं 1974 मध्ये देशभर ताशी 55 मैलांची मर्यादा घातली, म्हणजे साधारण 88 किलोमीटर. एरवी ताकदीच्या गाड्यांवर जीव टाकणाऱ्या देशानं पेट्रोल वाचवायला आधी वेगाला हात घातला, हे मला महत्त्वाचं वाटतं. त्याच देशात क्रेग व्हेटर नावाचे एक डिझायनर होते. मोटरसायकलीच्या पुढे बसवायच्या कवचांसाठी ते प्रसिद्ध होते. 1980 ते 1985 या काळात त्यांनी सर्वात कमी पेट्रोलमध्ये चालणाऱ्या मोटरसायकलींच्या स्पर्धा भरवल्या. 1985 मध्ये तिथं गॅलनला 470 मैलांपर्यंत मजल गेली, म्हणजे आपल्या हिशेबानं लिटरला दोनशेच्या आसपास किलोमीटर. इंजिनं लहान होती हे खरं. पण त्या गाड्यांची छायाचित्रं पाहिली की मेहनत कशावर होती ते लगेच दिसतं : चालवणारा खाली, कवचाच्या आत, आणि मागचा भाग माशासारखा लांब, निमुळता. हवेला फसवणं नव्हे, तिला वाट देणं.

मला कवच नको होतं. मी फक्त 80-85 वर आले. या वेगाला सहाव्या गिअरमध्ये इंजिन पाच हजारांच्या आत फिरतं, आवाज भरीव होतो, हँडलची थरथर विरते. पुढच्या तीन टाक्यांची सरासरी आली 31, आणि नंतर 32. कोल्हापूरला जाताना दीड लिटरहून जास्त पेट्रोल वाचतं. कागदावर अर्ध्या तासाचा फरक दिसतो. साताऱ्याच्या पुढची रस्त्याची कामं, वळवलेले रस्ते आणि कराडचा चहा धरला तर प्रत्यक्षात तो वीस मिनिटांचाही राहत नाही. टाकी 13 लिटरची. 26 च्या हिशेबानं ती 338 किलोमीटर जाते, आणि पुण्याहून बेळगाव जवळपास तेवढंच आहे, म्हणजे धाकधुकीत पोचायचं. 32 नं 416. बेळगावात पोचून दुसऱ्या दिवशी निवांत पंप शोधता येतो. आणि साखर कारखाने सुरू झाल्यावर रात्री या रस्त्यावर उसाच्या जोडट्रॉल्या असतात, कित्येकींना मागे दिवाही नसतो. 80 ला त्या वेळेत दिसतात. माझ्यासाठी हे कारण पेट्रोलपेक्षा मोठं आहे.

हवेचंच आणखी थोडं. माझ्या दोन बाजूंना फुगलेल्या पिशव्या असायच्या. तेच सामान एका बॅगेत भरून मी पाठीमागे, माझ्याच आडोशाला बांधलं. ढगळ रेनकोट वाऱ्यानं शिडासारखा फुगतो, म्हणून अंगासरशी बसणारा घेतला. कोपर आत, गुडघे टाकीला. एकेकानं किती मिळालं हे वही वेगळं सांगत नाही. पण सगळं मिळून खांदे कमी दुखतात, आणि खांद्यांना जे ओढतं तेच इंजिनालाही ओढत असतं.

गिअरची गोष्ट मोठ्या इंजिनावर उलटी वाटते, म्हणून सांगते. हलकं काम करताना मोठं इंजिन आपली हवा अर्धवट मिटलेल्या झडपेतून ओढत असतं. बंद दाराच्या फटीतून श्वास घेतल्यासारखं. त्या ओढण्यातच पेट्रोल जातं. वरचा गिअर टाकला की इंजिन सावकाश फिरतं, तेवढ्याच कामाला झडप थोडी जास्त उघडावी लागते आणि श्वास मोकळा होतो. म्हणून खालच्या गिअरमध्ये किंचित रेस देत राहण्यापेक्षा वरच्या गिअरमध्ये थोडी जास्त रेस परवडते. याला मर्यादा आहे. एकच सिलिंडर आहे. फार खाली आणलं की ठोके वेगळे ऐकू येतात, चेन खडखडते, गाडी गचके देते. ते ऐकलं की लगेच खालचा गिअर. तिथं पेट्रोल वाचवण्याच्या नादात इंजिनाचे हाल करू नयेत.

गॅरेजातल्या गोष्टी लवकर सांगते, कारण त्या सगळ्यांना माहीत असतात आणि फार थोडे करतात. हवा सकाळी, टायर थंड असताना, कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या आकड्याला. पंपावर सरसकट भरतात त्या आकड्याला नव्हे. मागे कुणी बसणार असेल तर त्याचा आकडा वेगळा असतो. चेन इंजिन बंद ठेवून ब्रशनं साफ करायची, ऑइल द्यायचं, आणि ताण मोजायचा : घट्ट चेन ढिल्या चेनइतकीच वाईट. एअर फिल्टर वेळेवर. एका पावसाळ्यात मात्र माझं ॲव्हरेज 28 वर आलं आणि कारण सापडेना. वेग तोच, हवा बरोबर, चेन स्वच्छ. शेवटी एका संध्याकाळी मागच्या डिस्कजवळ हात नेला तर धग लागली. चिखल बसून कॅलिपरच्या पिना अडकल्या होत्या. मी ब्रेक सोडला तरी पॅड सोडत नव्हते. दोन महिने मी ब्रेक लावून गाडी चालवत होते. पिना साफ करून ग्रीस लावल्यावर पुढच्या टाकीला 31. तेव्हापासून महिन्यातून एकदा गाडीचं चाक उचलून हातानं फिरवून बघते.

शहरात उपाय कमी आहेत. सिग्नलवर सेकंदांचा आकडा तीसच्या वर दिसला की इंजिन बंद. थंड इंजिन पेट्रोल जास्त घेतं, म्हणून कोपऱ्यावरच्या कामांना चालत. एवढ्यानं 24 चे 27 झाले. त्यापुढे पुण्याची रहदारी जाऊ देत नाही.

गेल्या काही वर्षांत वहीत एक नवा शेरा आला आहे : इथेनॉल. एक लिटर इथेनॉलमधली ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश असते, त्यामुळे 20 टक्के मिसळल्यावर काही फरक पडणारच. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालानं जुन्या रचनेच्या दुचाकींसाठी तो 3 ते 4 टक्के धरला होता. माझ्या वहीत 32 चे 31 झाले आहेत, म्हणजे अंदाज जुळतो. आमचं गाव उसाच्या पट्ट्यातलं. त्या उसाचा पैसा घराघरांत जाताना मी पाहिला आहे, त्यामुळे मिश्रणाला माझा विरोध नाही. पण घटलेल्या किलोमीटरची गोष्ट पंपावर स्पष्ट लिहिलेली असावी. लिटरला शंभर रुपयांहून जास्त मोजणाऱ्याचा तो हक्क आहे.

एका बाबतीत माझी आणि अण्णांची वही जुळत नव्हती. उतार. कात्रजच्या जुन्या बोगद्यातून पुण्याकडे उतरताना अण्णा राजदूत न्यूट्रल करायचे. लहान असताना मी पुढे टाकीवर बसलेली असायचे. इंजिन एकदम शांत व्हायचं, फक्त चाकांचा आणि वाऱ्याचा आवाज उरायचा. मी मोठ्या गाडीवर तसं करत नाही, हे कळल्यावर त्यांना वाटलं, मी उतार फुकट घालवते.

मागच्या महिन्यात दोघं वाईला गेलो होतो. परतताना त्यांनी नवा बोगदा नको म्हटलं, जुन्या घाटानं चल. बोगदा मागे पडला तशी खांद्यावर थाप पडली. “न्यूट्रल कर की गं.”

मी गाडी कडेला घेतली आणि सांगितलं. अण्णा, तुमच्या राजदूतमध्ये ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं होतं. उतारावर रेस सोडून गिअरमध्ये राहिलं असतं तर इंजिन जोरात फिरलं असतं आणि पेट्रोल नाही म्हणून ऑइलही मिळालं नसतं. जाम व्हायची भीती. तुमचं न्यूट्रल त्या गाडीसाठी बरोबर होतं. या गाडीत ऑइल वेगळं फिरतं आणि पेट्रोल इंजेक्टर देतो. गिअरमध्ये ठेवून रेस पूर्ण सोडली की इंजेक्टर बंद होतो; चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रल केलं तर इंजिनाला चालू राहायला पेट्रोल लागतं, आणि वर उताराचा सगळा भार ब्रेकवर येतो.

अण्णा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “म्हणजे गिअरमध्ये एक थेंब नाही?”

“गती पार कमी होईपर्यंत नाही.”

“मग चल. ऐकू दे.”

तिसऱ्या गिअरमध्ये, रेस सोडून आम्ही उतरलो. इंजिन खालच्या आवाजात घुमत होतं, वळणावर गाडीला धरून ठेवत होतं, ब्रेक मी तीन-चार वेळाच लावला. खाली कात्रजला वस्ती लागल्यावर पंपावर टाकी भरली. घरी आल्यावर मी बॅग सोडत होते तेवढ्यात अण्णांनी माझी वही ओढून घेतली, चष्मा लावला आणि चार आकडे भरले. भागाकार समासात केला, 30.4. मग शेऱ्याच्या रकान्यात पेन्सिलनं, त्यांच्या तिरक्या अक्षरात : ‘डबल सीट. वारा नाही. उतार गिअरमध्ये.’