एकाच चुलीचे दगड

आपल्या सुरतेहून हल्ली अनेक कुटुंबे मॉरिशसच्या प्रवासास जातात. तेथे एका दिवसाच्या सहलीत वाटाड्या ठरलेली स्थळे दाखवितो: क्यूरपीप येथील झाडीने भरलेले ज्वालामुखीचे मुख, अशाच एका विवरात साठलेला गंगा तलाव, शामारेलचा धबधबा आणि सप्तरंगी माती. काळा कातळ झिजून, त्यातील लोहामुळे या मातीस तांबडा-जांभळा रंग चढला आहे.

वाटेत उसाच्या शेतांत काळ्या दगडांच्या राशी दिसतात. तेथे मात्र गाडी सहसा थांबत नाही. शेते मोकळी करण्यासाठी हे दगड आधी गुलामांनी आणि पुढे करारबद्ध मजुरांनी वेचले. १८३४ पासून हिंदुस्थानातून गेलेल्या या मजुरांत रत्नागिरी-साताऱ्याकडील मराठी माणसेही होती.

भूशास्त्र सांगते की, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूगर्भातील ज्या तप्त स्थानातून सह्याद्रीचा कातळ ओतला गेला, त्याच स्थानावर फार पुढे मॉरिशस उभे राहिले. आज रियुनियन बेटाचा ज्वालामुखी तेथेच धगधगतो आहे. आपल्या सोनगडच्या किल्ल्याचा दगडही त्याच चुलीतला!

घरदार सोडून गेलेल्या त्या माणसांच्या हाती परक्या भूमीतही आपल्याच डोंगराचा भाऊबंद आला होता. त्यांना ते ठाऊक नव्हते, आपल्याला आहे. म्हणून तिकडे जाण्याचा योग आला, तर गाडी थांबवून त्या दगडांवर क्षणभर हात ठेवावा.