तुमच्या क्रांतीला रातपाळी ठाऊक आहे काय?



मागच्या अंकासाठी मी एक कविता दिली होती. नाव 'खाडा'. ती परत आली. कागदाच्या पाठीवर पेन्सिलीनं लिहिलं होतं : विषय किरकोळ वाटतो, विद्रोह कमी पडतो, पुन्हा प्रयत्न करावा.

कविता छापली नाही याचा राग नाही. माझ्या कविता पुष्कळदा वाईट असतात. दहावीला शाळा सुटली. पुढचं जे काही शिकलो ते समाजमंदिरातल्या कपाटातून आणि गिरणीच्या बसमध्ये डुलक्या घेत घेत. तेव्हा कविता फाडा, चुलीत घाला. पण 'किरकोळ' हा शब्द मला झोपू देईना. म्हणून हे लिहितोय.

खाडा म्हणजे काय ते ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका सूतगिरणीत रिंग खात्यात ठेक्यावर आहे. दिवसाचे ४६० रुपये. महिन्याच्या सगळ्या पाळ्या भरल्या तर हजेरी भत्ता १,००० रुपये. एक दिवस चुकला की त्या दिवसाचे ४६० गेले आणि भत्ताही गेला. म्हणजे एका खाड्याचे १,४६०. या पैशात आयचा बचत गटाचा हप्ता भागतो आणि धाकटीच्या परीक्षेची फी. न सांगता दुसरा खाडा झाला तर ठेकेदाराचा माणूस गेटवर हात आडवा घालतो. "उद्या बघू," म्हणतो. तो उद्या कधी आठ दिवसांनी उगवतो, कधी उगवतच नाही.

गेल्या मोर्च्याला मी आलो नाही. दुसऱ्या दिवशी चहाच्या गाड्यावर एका कार्यकर्ता मित्रानं चारचौघांत मला सुनावलं, "हजार रुपड्यांसाठी चळवळ विकलीस व्हय रं?" मी काही बोललो नाही. रातपाळी करून आलो होतो, कानात अजून फ्रेमचा आवाज होता. आता बोलतो.

मित्रा, तू कॉलेजात आहेस. तुझी फी माफ आहे, आणि ती माफ असलीच पाहिजे, आपल्या लोकांनी रक्त आटवून मिळवलेली गोष्ट आहे ती. पण मोर्चा मंगळवारी अकरा वाजता ठेवताना, मंगळवारी अकरा वाजता आपली माणसं कुठं असतात हे तुम्ही कुणाला विचारलं? पहिल्या पाळीचा फ्रेमवर असतो. रातपाळीचा पत्र्याखाली झोपायचा प्रयत्न करत असतो. आमची आय दुसऱ्याच्या रानात भांगलत असते. मग त्या मोर्च्यात उरतं कोण? ज्याचा दिवस कुणी विकत घेतलेला नाही तो. आणि तोच उरलेल्यांना विचारतो, तुम्ही विकले गेलात काय!

तुम्हाला आमचा महिना सांगतो. ऐका, मग ठरवा किरकोळ कशाला म्हणायचं ते.

पगार दहा तारखेला होतो. सातच्या आत द्यायचा कायदा आहे म्हणतात. आमच्या ठेकेदाराचं कॅलेंडर वेगळं. दहाला हातात पडला की त्या रात्री घरात अंडी येतात, आय हसते, धाकटी पुस्तकाची यादी काढते. त्या एका रात्रीपुरता मी घरचा राजा. पंधरा तारखेपर्यंत भिशी, हप्ता, दुकानाची उधारी. वीस तारखेला उचल मागायला जॉबरपुढं उभा. पंचवीसपासून चहाही दुसऱ्याच्या पैशानं.

आठवड्याची वेगळीच तऱ्हा. सात ते तीन, तीन ते अकरा, अकरा ते सात. दर आठवड्याला पाळी फिरते. झोप अंगवळणी पडते न पडते तोच पाळी बदलते. सुट्टीनंतर पहिल्या दिवशी खात्यात शिरलं की छाती आवळते, खोकला सुटतो. आमच्यातले जुने लोक हसून म्हणतात, सोमवार आला! कापसाच्या धुळीनं होणाऱ्या या दुखण्याला बिसिनोसिस म्हणतात, आणि धंद्यातून होणाऱ्या रोगांच्या सरकारी यादीत त्याचं नाव आहे. आमच्या दवाखान्याच्या कागदावर मात्र 'ॲलर्जी' असतं. कोरड्या हवेत धागा तुटतो म्हणून खात्यातली हवा मुद्दाम दमट ठेवलेली असते. धाग्याची एवढी काळजी! आमचे शर्ट तिथंच अंगावर भिजतात आणि पहाटे बसच्या वाऱ्यात तिथंच वाळतात.

गेल्या वर्षी मोबाइलवर पी.एफ. बघायला शिकलो. बघितलं तर चार महिने पगारातून कापलेला पैसा भरलेलाच नाही. विचारायला गेलो तर ठेकेदाराचा कारकून म्हणाला, "लई शिकलास काय रं?" या एका वाक्यात आपला सगळा इतिहास आहे की नाही, तुम्हीच सांगा. असं वाक्य आपल्या आजोबांना पाटलानं ऐकवलं असेल. मला ते संगणकापुढं बसलेल्या माणसानं ऐकवलं.

तर हे चढ आणि हे उतार. चढ एका रात्रीचा, उतार वीस दिवसांचा. वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत पांढरपेशे लेखक आयुष्यातल्या चढउतारांवर लिहितात. पदोन्नती हुकली, मन उदास झालं, मग डोंगरावर गेलो, पाऊस बघितला, मन शांत झालं. बघा बाबा, शांत व्हा. आमच्या महिन्यात डोंगर नाही. आणि या महिन्याची वीण कुणा दैवानं केलेली नाही. ठेका कुणी काढला, कायम कामगार कमी करून ठेकेदार कुणी आणले, भत्त्याला खाड्याचा गळफास कुणी लावला, ही सगळी माणसांची कामं आहेत. त्यांना नावं आहेत, सह्या आहेत.

आता जातीचं. लाल झेंड्याचे काही मित्र म्हणतात, गेटच्या आत जात नाही, आत फक्त कामगार. या, दाखवतो.

माझ्या शेजारच्या फ्रेमवरचा दोस्त चार वर्षं माझ्या डब्यातली सुकटीची चटणी खातो. अडीअडचणीला पाचशे रुपये देतो, परत मागत नाही. खरा माणूस. त्याच्या बहिणीच्या लग्नाला मी गेलो तर माझी पंगत गोठ्याच्या बाजूला, त्यानं बोलावलेल्या 'गिरणीतल्या पोरां'त. मी बसलो. जेवलो. तो डोळ्याला डोळा देईना. सोमवारी परत डबा उघडला, त्यानं चटणी घेतली. आम्ही दोघं त्यावर आजतागायत बोललो नाही. हे न बोलणं मी कोणत्या खात्यात जमा करू? वर्गलढ्याच्या की जातिअंताच्या? आणि संडास धुणाऱ्या दोन बाया, दोघी आपल्याच वाड्यातल्या, त्यांची नावं ठेकेदाराच्या हजेरीपटावरसुद्धा नाहीत. पैसे हातात, सही नाही. त्यांना खाडाही लागत नाही. खाडा लागायला आधी हजेरी लागावी लागते.

गिरणीतली जात आजची नाही. मुंबईच्या गिरण्यांत आपली माणसं साचेखात्यात घेत नसत. का? धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढावा लागे. महाराच्या तोंडाला लागलेला धोटा सवर्ण साचेवाला तोंडाला कसा लावणार? म्हणून आपली माणसं रिंग खात्यात. साचेखात्यात मजुरी जास्त, रिंग खात्यात कमी. थुंकीएवढी गोष्ट! तिच्यावर पिढ्यांची मजुरी ठरली. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढं ठेवला आणि त्यांना तो नाइलाजानं का होईना मागण्यांत घ्यावा लागला. बाबासाहेबांनी म्हटलं नाही की धोटा किरकोळ आहे, आधी मोठं बोलू.

आणखी सांगतो. त्याच १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या रजेच्या बिलावर ते कामगार बायांच्या बाजूनं बोलले. १९३६ साली स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांपुढं ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू दाखवले, एक नाही. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला, संपाचा हक्क आवळणाऱ्या बिलाविरुद्ध, कम्युनिस्टांबरोबर एक दिवसाचा संप केला. मतभेद होते, तरी केला. मजूरमंत्री असताना १९४६ साली कारखान्यातले आठवड्याचे ५४ तास ४८ वर आणणारी दुरुस्ती मांडली. तास, मजुरी, बाळंतपण, धोटा. ज्याला तुम्ही किरकोळ म्हणता त्याच्यात त्या माणसानं हयातीतली वर्षं घातली. आपण त्यांचा पुतळा धुतो, आणि त्यांनी मोजलेले तास मोजायचं विसरतो.

ते तास आता परत घ्यायला निघालेत. २०२५ च्या सप्टेंबरात महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानं कारखान्यातले रोजचे तास ९ वरून १२ पर्यंत नेण्याला मंजुरी दिली. आठवड्याचे ४८ च राहतील असं कागद सांगतो. ठेक्यावरच्या माणसाला कागद काय सांगतो आणि जॉबर काय सांगतो, यातला फरक ज्यानं गेट बघितलंय त्यालाच कळेल. २१ नोव्हेंबर २०२५ ला केंद्रानं चार कामगार संहिता लागू केल्या. आपल्या किती शाखांत त्यावर एक तरी बैठक झाली? आमच्या तालुक्यात झाली नाही. त्या आठवड्यात आम्ही ६ डिसेंबरच्या बॅनरवर कुणाचा फोटो मोठा यावर भांडत होतो. मीही भांडलो, खोटं सांगत नाही.

तेव्हा नुसतं दुसऱ्यांकडं बोट दाखवत नाही. माझ्याच घरात बैठक झाली तेव्हा स्त्रीमुक्तीवर मी अर्धा तास बोललो. आय आत चहा करत होती. दिवसभर भांगलून आलेली. सगळे गेल्यावर म्हणाली, "चांगलं बोललास की. आता कप तेवढं विसळ." मी विसळले. पण तिनं सांगावं लागलं. तिच्या हातांवर किती मजुरी साचलीय याचा हिशोब आपल्या एकाही अंकात नाही. आपल्या कवितांत आई असते ती फाटक्या लुगड्यातली, डोळ्यांत पाणी आणणारी. तिची मजुरी किती, हे कुठल्याही कवितेत नसतं.

मला माहीत आहे, कुणी म्हणेल : हा पगारवाढीचा शहाणपणा आहे, असल्यानं माणूस पोटापुरता होतो, समाज विसरतो. हा आक्षेप खोटा नाही. माझ्याच खात्यात अशी माणसं आहेत, कायम झाली, घराला रंग दिला, वाड्याकडं फिरकली नाहीत. पण पोटाबद्दल न बोलल्यानं ती परत येणार आहेत काय? १८ जानेवारी १९८२ ला मुंबईचे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. संप मोडला, गिरण्या गेल्या, त्यांच्या जमिनीवर मॉल उभे राहिले. घरोघर भांडी विकली गेली, पोरं शाळेतून निघाली. लढा मागण्यांवर हरला असेल, पण घरात तो हरला तो शिळ्या भाकरीपाशी. ज्या चळवळीकडं भाकरीची सोय नाही ती माणसाला किती दिवस रस्त्यावर उभी करणार?

म्हणून नुसती शिवीगाळ करून थांबत नाही. तीन गोष्टी मागतो.

एक. बैठका पाळ्या बघून ठेवा. सुट्टीच्या दिवशी सकाळी नऊला एक, तीच दुपारी चारला परत. पोरं सांभाळायला आणि चहा करायला पुरुषांची पाळी लावा.

दोन. प्रत्येक अंकात एक पान 'हजेरी' म्हणून ठेवा. सफाईवाली, आशाताई, बंगल्याचा वॉचमन, पार्सल पोचवणारा पोरगा, त्यांनी आपला एक महिना लिहावा. कविता नको. तारखा, आकडे, कोण काय बोललं. ज्याला लिहिता येत नाही त्याचं आपण लिहून घ्यायचं, शब्द त्याचेच ठेवून.

तीन. खाडा फंड काढा. १४ एप्रिलला आपल्या तालुक्यात डीजेला गल्लोगल्ली वर्गणी निघते. त्यातली अर्धी बाजूला काढा. मोर्च्यासाठी, साक्षीसाठी, पोलीस ठाण्यात कुणाची फिर्याद नोंदवायला ज्याचा खाडा झाला त्याला त्यातून मजुरी द्या. त्या संडास धुणाऱ्या बायांना मी म्हटलं, चला, लेबर ऑफिसला तक्रार करू. थोरली म्हणाली, "येतो की. त्या दिवसाचं तू देतोस?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. तुमच्याकडं आहे? असेल तर मंगळवारी अकरालासुद्धा मोर्चा ठेवा. गेटवर मी सगळ्यांत पुढं असेन, त्या दोघींना घेऊन.

नसेल, तर मला विद्रोह शिकवू नका.

पुढच्या आठवड्यात माझी रातपाळी आहे. ज्याला वाद घालायचा आहे त्यानं सकाळी सातला गेटवर यावं. चहा मी पाजीन. दहा तारखेनंतर या म्हणजे झालं.