वॉर्डातली वही संगणकात जाईल; पण रात्री दहाची तपासणी कोण करील?

पावसाळा लागला की ग्रामीण रुग्णालयांत सर्पदंशाचे रुग्ण वाढतात. समजा, रानात खुरपणाऱ्या बाईला दुपारी तीनला घोणस चावली. घरच्यांनी शहाणपणा केला, मांत्रिकाच्या नादी न लागता थेट रुग्णालय गाठले. चारला सापाची लस सुरू झाली. इथपर्यंत सगळे ठीक.

खरी कसोटी पुढे आहे. घोणस आणि फुरसे यांच्या विषाने रक्त गोठेनासे होते. म्हणून लस दिल्यावर सहा तासांनी रक्त पुन्हा तपासायचे. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत दोन मिली रक्त घ्यायचे, २० मिनिटे नळीला हात लावायचा नाही, मग ती कलती करून बघायची. रक्त अजून पातळच असेल तर लस पुन्हा द्यावी लागते. म्हणजे ही तपासणी आली रात्री दहाला. आणि सिस्टरांची पाळी साधारणपणे बदलते आठला!

दुपारच्या सिस्टरने सांगितले आणि रात्रीच्या सिस्टरने ऐकले, तर काम होते. सांगायचे राहिले, तर बाई खाटेवर शांत पडलेली दिसते आणि नातेवाईक म्हणतात, झोप लागलीय वाटतं. वॉर्डातले काम वहीवरून संगणकावर नेण्याच्या चर्चेत मुद्दा आहे तो हाच.

वहीचे गुण, वहीचे दोष

आजवर वॉर्ड चालला तो वह्यांवर. उपचाराचा कागद, रिपोर्ट बुक, औषधांचे इंडेंट बुक, आणि मावशी किंवा मामा डॉक्टरांच्या क्वार्टरपर्यंत घेऊन जातात ते कॉल बुक. पाळी बदलताना एक सिस्टर दुसरीला ‘ओव्हर’ देते. कोणत्या खाटेचे काय झाले आणि काय राहिले, ते सांगते. वहीला वीज लागत नाही, नेटवर्क लागत नाही. कॉल बुकावर डॉक्टरांची सही आणि वेळ असते, ती सहजी नाकारता येत नाही. ही व्यवस्था जुनी आहे, पण टाकाऊ नाही.

तिचा दोष एकच आणि मोठा. वही आठवण करून देत नाही. दहाला करायचे काम पानावर लिहिलेले असते, पण दहा वाजले हे पान सांगत नाही. शिवाय घाईच्या दिवशी ताप, नाडी, रक्तदाब यांच्या नोंदी पाळी संपताना एकदम भरल्या जातात. कागद सगळे सारखेच दाखवतो. प्रत्यक्ष केव्हा पाहिले आणि केव्हा लिहिले, हे पुढे कुणालाच कळत नाही.

संगणकाने हे बदलता येते. कोणत्या खाटेचे, कोणते काम, किती वाजता आणि कुणाकडे, याची यादी पडद्यावर राहील. वेळ टळली की ओळ लाल होईल. पाळी बदलली की राहिलेले काम आपोआप पुढच्या पाळीच्या यादीत जाईल. एवढे झाले तरी खूप झाले.

संगणक आधी खिडकीवर

पण सरकारी रुग्णालयात संगणक बहुतेक ठिकाणी आधी आला तो खिडकीवर, केसपेपर काढायला. २७ सप्टेंबर २०२१ रोजी केंद्राने आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर लागू केले, १४ आकडी ‘आभा’ क्रमांक आला. ‘ई-हॉस्पिटल’, ‘ई-सुश्रुत’ या सरकारी संस्थांनीच तयार केलेल्या प्रणाली आहेत. नाव-गाव-वय नोंदवणे सोपे. खाटेजवळचे रात्रीचे काम नोंदवणे अवघड, म्हणून ते मागे राहते.

आणि संगणक बंद पडला तर? हा प्रश्न हवेतला नाही. राज्यातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतली संगणक प्रणाली २०२२ मध्ये बंद पडली आणि पुन्हा हाताने केसपेपर लिहायची पाळी आली. मोठ्या शहरात हे होते, तर तालुक्याचे काय घेऊन बसलात?

दुहेरी काम, खोटी खूण

दुसरा धोका दुहेरी कामाचा. उपकेंद्रातल्या नर्सताईंना विचारा. माता-बालकांचे रजिस्टर हाताने भरायचे आणि तेच पुन्हा ‘अनमोल’ ॲपवर टाकायचे, हा अनुभव त्यांनी घेतला आहे. वॉर्डातही वही चालू ठेवून संगणक आणला, तर वेळ जाणार तो रुग्णाचाच. सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका हवी, असा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आहे. प्रत्यक्षात रात्री किती असतात, हे ज्याने आपल्या माणसाजवळ रात्र काढली त्याला ठाऊक आहे. संगणकाने हात वाढत नाहीत.

सर्वांत मोठा धोका मात्र खोट्या खुणेचा. लाल ओळ दिसली की वरून ‘कारणे दाखवा’ नोटीस येणार असेल, तर काम न होताही ओळ हिरवी होईल. माणूस आहे, नोकरी आहे. कोण कशाला अंगावर घेईल? नळी खरोखर कलती करून पाहिली का, हे संगणकाला दिसत नाही. मग वहीतला जुना दोष संगणकात जाईल, वर छापील आणि खरा दिसेल. लाल ओळीवर पहिला प्रश्न ‘कोण चुकले’ हा नको. ‘त्या वेळी वॉर्डात किती रुग्ण होते आणि किती सिस्टर’, हा हवा.

विचारायचे ते आधी विचारा

रुग्ण कल्याण समितीत आपले प्रतिनिधी बसतात. संगणकाचे उद्घाटन, फीत, नारळ हे होईलच. त्याआधी त्यांनी चार गोष्टी विचाराव्यात. कोणती वही कोणत्या तारखेपासून बंद होणार, त्याचा लेखी आदेश आहे का? यंत्र खाटेजवळ नेता येते, की कोपऱ्यातल्या टेबलावर बसणार? प्रत्येक सिस्टरचा पासवर्ड स्वतंत्र, की इन्चार्जचाच सगळ्यांना? वीज गेली तर इन्व्हर्टर किती तास चालेल, आणि पाळीच्या सुरुवातीला कामांची यादी कागदावर छापून निघेल का?

आणि खाटेजवळ उभे राहून तोंडाने दिलेली ‘ओव्हर’ बंद करू नये. पडद्यावरची ओळ वाचायची राहू शकते. ‘ताई, चार नंबरच्या बाईचं रक्त दहाला बघायचंय हं,’ हे बाईच्या आणि नातेवाइकांच्या देखत सांगितले, तर निदान चौघांच्या ध्यानात राहते. दहा वाजून गेले, तर त्यांतला एकजण उठून विचारील तरी.