धानाच्या बांधीत कोणते हार्वेस्टर उतरवावे?

दिवाळीच्या सुमारास भंडारा, गोंदिया, गडचिरोली व चंद्रपूर या धानपट्ट्यात कापणीची घाई सुरू होते आणि मजूर मिळेनासे होतात. अशा वेळी गावात जे हार्वेस्टर प्रथम येईल तेच शेतकरी बांधीत उतरवितो. हे स्वाभाविक असले तरी हितावह नाही. आमच्या मते यंत्राची निवड धान निसवत असतानाच झाली पाहिजे, आणि ही चर्चा घडवून आणणे हे गावपातळीवरील कार्यकर्त्याचे काम आहे.

बांधीत उतरविण्याजोगी यंत्रे मुख्यतः दोन प्रकारची. पहिले चाकांचे, सुमारे 14 फूट रुंदीची कापणी करणारे. गव्हाच्या किंवा सोयाबीनच्या मोठ्या, कोरड्या शेतात त्याची सर दुसऱ्यास येणार नाही. दुसरे रबरी पट्ट्यांवर चालणारे, ज्याला लोक चेनचे हार्वेस्टर म्हणतात. त्याची कापणीची रुंदी सुमारे 2 मीटर आणि वजन पहिल्याच्या निम्म्याहून कमी असू शकते. मोठे यंत्र तासाला अधिक क्षेत्र उरकते, म्हणून शेतकऱ्याचा ओढा तिकडे असतो. परंतु भाड्याच्या आकड्यात बांधीचे नुकसान धरलेले नसते.

2015-16 च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रातील सरासरी धारणक्षेत्र 1.34 हेक्टर आहे. धानाच्या भागात तेवढी जमीनही लहान लहान बांध्यांत विभागलेली असते. एवढ्याशा जागेत 14 फुटी यंत्र वळवायचे तर कोपरे आधी विळ्याने कापून द्यावे लागतात, आणि पुढच्या बांधीत जाण्यासाठी धुरा फोडावा लागतो. फोडलेला धुरा पुन्हा बांधण्याची मजुरी कोणी हिशेबात लिहीत नाही. शिवाय चिखलणी केलेली जमीन वरून सुकलेली दिसली तरी आत ओली असते. तिच्यात चाके रुततात, खोल चाकोऱ्या पडतात आणि मागाहून हरभरा पेरावयाचा झाल्यास नांगरटीचा खर्च वाढतो. पट्ट्यांच्या यंत्राचा भार अधिक पृष्ठभागावर विभागला जात असल्याने ही हानी पुष्कळ कमी होते. म्हणून बांधीसाठी आमचा कौल, भाडे काहीसे अधिक पडले तरी, पट्ट्यांच्या यंत्रालाच आहे.

मात्र हा कौल सर्वत्र लागू नाही. उभ्या धानात लाखोळी किंवा जवस फेकून उतेरा घेतला असेल, तर त्या बांधीत कोणतेही हार्वेस्टर घालू नये. कोवळी रोपे पट्ट्याखालीही चिरडली जातात. तेथे विळाच बरा.

तणशीचा विचारही आधी झाला पाहिजे. दोन्ही यंत्रांतून संपूर्ण ताट मळणीच्या ड्रममधून जात असल्याने तणस मोडते व विखुरते. पेंढ्या बांधता येत नाहीत. पंजाबात अशी मागे राहिलेली तणस जाळण्याची रीत पडली आणि तिचे दुष्परिणाम सर्वांना ठाऊक आहेत. आपल्याकडे बैलजोडी व दुभती जनावरे असलेल्या घराने वर्षाच्या वैरणीपुरत्या बांध्या हाताने कापून उरलेल्याच यंत्राला द्याव्यात.

आता दाण्यांविषयी. यंत्र चांगले की वाईट हे त्याच्या रंगावरून किंवा चालकाच्या बोलण्यावरून ठरत नाही. ते त्याच्यामागे जमिनीवर बसून ठरते. कापणीपूर्वी एक चौरस मीटर जागेत आपोआप गळलेले दाणे मोजावेत. यंत्र गेल्यावर कापणीच्या पूर्ण रुंदीत तीन-चार ठिकाणी तेवढ्याच जागेतले दाणे मोजून सरासरी काढावी व आधीचा आकडा वजा करावा. हजार दाण्यांचे वजन 22 ग्रॅम धरल्यास चौरस मीटरला 450 दाणे म्हणजे हेक्टरी सुमारे 1 क्विंटल धान मातीत गेले. एवढे सांडताना दिसले, तर चालकाला वेग कमी करण्यास, तसेच पंख्याचा वारा व चाळण्या तपासून घेण्यास निःसंकोच सांगावे. पीक लोळले असेल तेथे तर वेग कमी ठेवणे अनिवार्यच आहे.

या संदर्भात भाडे ठरविण्याची पद्धतही पाहावी. एकरावर भाडे ठरले की चालक धावतो आणि दाणे सांडतात. तासावर ठरले की बांधीतून बांधीत जाण्याचा वेळ शेतकऱ्याच्या माथी बसतो. आम्हांस एकराचा दर, पण पहिल्या बांधीनंतर दाणे मोजण्याची अट, हा मार्ग अधिक बरा वाटतो. ही अट यंत्र गावात येण्यापूर्वीच बोलून घ्यावी. बांधीत उतरल्यावर कोणी ऐकत नाही.

हार्वेस्टरने कापलेल्या धानात ओलावा बहुधा अधिक असतो, तर शासकीय खरेदीस तो 17 टक्क्यांपेक्षा अधिक चालत नाही. एका दिवसात ट्रॉली भरून आलेले धान पसरून वाळविण्यास खळे व ताडपत्र्या पुरेशा आहेत का, हे आधी पाहावे. नसल्यास दोन दिवसांत थोड्या थोड्या बांध्या कापणेच सोयीचे. लगतच्या शेतकऱ्यांनी एकाच मुदतीचे धान, म्हणजे सारे हलके किंवा सारे मध्यम, शेजारी शेजारी लावले असल्यास पट्ट्यांचे यंत्र एकत्रित ठरविता येते आणि ते ट्रकवरून आणण्याचा खर्च वाटला जातो. त्याची नोंद मात्र पुढील रोवणीच्या वेळीच गावात करून ठेवावी लागेल.