गाईच्या गळ्यातली घंटी

(द्वितीय वर्ष कला)

दिवाळीच्या सुट्टीपूर्वीची गोष्ट. वसतिगृहातील एक मित्र रात्री मोबाइलवर अमेरिकेतील फुटबॉलचा एक सामना पाहत होता. मी माझ्या खाटेवर इतिहासाच्या टिपणांत डोके घालून बसलो होतो. एकाएकी असा काही घणघणाट सुरू झाला की, मी दचकून उठलो. क्षणभर मला वाटले, बेंदराच्या दिवशी साऱ्या गावाची जनावरे एकदम वेशीतून आत शिरली! पाहतो तो काय, साठेक हजार माणसांनी भरलेले प्रचंड क्रीडांगण, आणि ज्याच्या त्याच्या हातात गाईच्या गळ्यात बांधतात ती घंटी!

मला हसू आले आणि नवलही वाटले. ज्या घंटीला आमच्या गोठ्याबाहेर कोणी विचारीत नाही, ती एका विद्यापीठाची मानचिन्ह कशी झाली? मग मी या प्रकरणाची माहिती मिळवू लागलो आणि लक्षात आले की, या एवढ्याशा घंटीवरून तिकडे कित्येक दशके भांडण चालले होते. त्या भांडणात मला जे दिसले, ते माझ्या मित्र-मैत्रिणींपुढे आणि गुरुजनांपुढे मांडावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

अमेरिकेच्या दक्षिणेला मिसिसिपी नावाचे राज्य आहे. तेथे स्टार्कव्हिल हे सुमारे पंचवीस हजार वस्तीचे लहानसे गाव. मिसिसिपी स्टेट विद्यापीठ ते याच गावचे. 1862 साली अमेरिकन सरकारने कायदा करून राज्यांना जमिनी दिल्या आणि त्यांच्या उत्पन्नातून शेती व यंत्रविद्या शिकविणारी महाविद्यालये काढावयास सांगितले. त्या योजनेतून 1878 साली हे शेतकी महाविद्यालय स्थापन झाले. पुढे 1958 साली त्याला विद्यापीठ हे नाव मिळाले. त्याच राज्यात ऑक्सफर्ड गावी त्याहून जुने, 1848 सालचे मिसिसिपी विद्यापीठ आहे. ते वकिलांचे, प्रतिष्ठितांचे मानले जाई. आणि शेतकी महाविद्यालयांना तिकडे थट्टेने नाव पडले होते, ‘गाईंचे कॉलेज’!

घंटी कशी आली याविषयी एक आख्यायिका सांगतात. या दोन विद्यापीठांचा सामना चालू असताना एक जर्सी गाय भटकत मैदानात शिरली आणि त्या दिवशी स्टेटचा संघ जिंकला. गाय शुभशकुनाची ठरली. पण प्रत्येक सामन्याला गाय कोठून आणणार? म्हणून तिची घंटी आणली. आख्यायिका खरी की खोटी देव जाणे! 1930 ते 1940 च्या सुमारास केव्हातरी ही प्रथा सुरू झाली आणि 1950 नंतर ती पक्की झाली, एवढे मात्र खरे. पुढे 1960 नंतरच्या काळात तेथील दोन प्राध्यापकांनी घंटीला पकडायला मुठी जोडून दिल्या, म्हणजे ती जोराने हलविता यावी. (आमच्या गुरुजनांनी याची नोंद घ्यावी!) आणखी एक गोड समजूत तिथे आहे. आपली घंटी आपण विकत घ्यावयाची नसते, ती कोणीतरी प्रेमाने द्यावयाची असते.

मला या साऱ्यात मोठेपणा दिसतो तो असा. ज्या शब्दाने दुसरा आपल्याला हिणवतो, तोच शब्द उचलून आपण डोक्यावर मिरवावा, म्हणजे हिणवणाऱ्याच्या हातातला दगडच नाहीसा होतो. तुम्ही आम्हाला गाईंचे कॉलेज म्हणता ना? मग ऐका ही गाईची घंटी!

परंतु 1974 साली संकट आले. स्टेट विद्यापीठ ज्या संघटनेत खेळते, त्या साउथईस्टर्न कॉन्फरन्समध्ये तेव्हा दहा विद्यापीठे होती. कृत्रिम आवाज करणारी साधने प्रेक्षकांनी मैदानात आणू नयेत, असा ठराव तेथे 9 विरुद्ध 1 मतांनी मंजूर झाला. विरोधातले ते एक मत कोणाचे असेल, हे सांगावयास नकोच! पण ठरावाने घंट्या थांबल्या नाहीत. कोटाच्या आत, पिशवीच्या तळाशी, लहान मुलाच्या दुपट्यात, अशा कुठे कुठे लपवून लोक त्या आत नेऊ लागले. बंदी कागदावर राहिली आणि घंटी मैदानात वाजत राहिली, आणि हा प्रकार एक-दोन नव्हे, छत्तीस वर्षे चालला!

आता दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. आपला फुटबॉल पायाने खेळावयाचा. त्यांचा मुख्यतः हातात चेंडू घेऊन. दोन्ही बाजूंचे खेळाडू समोरासमोर दबा धरून बसतात. चढाई करणाऱ्या संघाचा म्होरक्या मोठ्याने इशारे देतो आणि ठरलेल्या इशाऱ्यावर सर्वांनी एकदम हलावयाचे असते. एक जण जरी आधी हलला, तरी संघाला पाच यार्ड मागे जावे लागते. अशा वेळी हजारो घंट्या कानाशी वाजू लागल्या, तर पाहुण्या संघाने ऐकावे कसे? 2024 पासून वरच्या श्रेणीच्या महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये एका खेळाडूच्या शिरस्त्राणात प्रशिक्षकाचा आवाज पोहोचविण्याची सोय झाली आहे, पण खेळाडूंनी एकमेकांचे ऐकण्याचा प्रश्न त्याने सुटत नाही. म्हणजे त्या नऊ विद्यापीठांचे म्हणणे केवळ मत्सराचे होते, असे म्हणता येणार नाही. पाहुण्याला घरी बोलवायचे आणि त्याच्या कानाशी ताशा बडवायचा, ही काही रीत नव्हे.

मग बंदी योग्य होती का? माझ्या मते नव्हती. कारण त्याच मैदानात बँड वाजतो, ध्वनिवर्धकातून गाणी लागतात. त्यांच्यावर सरसकट बंदी कोणी घातली नाही. खेळाचा डाव सुरू होण्याच्या वेळी त्यांनी थांबावे, एवढीच अट. घशाने ओरडण्याला तर कसलीच अट नाही. मग बँडला जो न्याय, तो घंटीला का नाही? अडचण आवाजाची नव्हती, आवाजाच्या वेळेची होती. ज्या नियमाला आपले कारण नीट सांगता येत नाही, तो नियम माणसे मनाने पाळत नाहीत. ती शिट्टी वाजेपर्यंत पाळतात आणि पाठ फिरताच मोडतात.

शेवटी 2010 साली शहाणपणाचा तोडगा निघाला. सामन्यापूर्वी, मध्यंतरात, खेळ थांबलेला असताना आणि आपल्या संघाने गुण मिळविल्यावर घंटी खुशाल वाजवावी. परंतु डाव सुरू होण्याच्या तयारीपासून तो संपेपर्यंत ती गप्प ठेवावी. नियम मोडला तर दंड विद्यापीठाला. प्रथम हे एका वर्षासाठी करून पाहिले आणि 2012 साली ते कायम झाले. विद्यापीठाने स्वतःच आपल्या प्रेक्षकांना ‘जबाबदारीने वाजवा’ असे आवाहन केले. सर्वच प्रेक्षक ते पाळतात असे नाही. करारानंतरही विद्यापीठाला दंड भरावा लागलेला आहे. पण भांडण मिटले ते याच वाटेने.

योगायोग पाहा! त्याच 2010 साली दक्षिण आफ्रिकेत विश्वचषक झाला आणि तेथील ‘वुवुझेला’ या लांब पिपाणीने साऱ्या जगाचे कान किटले. जागतिक संघटनेने ती बंद करण्यास नकार दिला. युरोपच्या संघटनेने मात्र त्याच वर्षी सप्टेंबरात आपल्या स्पर्धांत तिच्यावर बंदी घातली. एकाने सर्व दिले, दुसऱ्याने सर्व काढून घेतले. स्टार्कव्हिलने मधली वाट शोधली, ती मला अधिक पटते.

येथवर वाचून कोणी म्हणेल, म्हणजे परंपरा जपलीच पाहिजे, हेच तुझे सांगणे ना? नाही! ‘आमची परंपरा आहे’ हे वाक्य म्हणजे पुरावा नव्हे. याच मिसिसिपीतले उदाहरण देतो. ऑक्सफर्डच्या विद्यापीठाचे प्रेक्षक सामन्यांत गुलामगिरीसाठी लढलेल्या दक्षिणी संघराज्याचे निशाण फडकवीत असत. तीही परंपराच होती! 1997 साली त्या विद्यापीठाने सुरक्षिततेच्या कारणावरून मैदानात काठ्या आणण्यास मनाई केली. काठी गेली, तेव्हा निशाणही गेले. तेथेही लोकांनी परंपरेच्या नावाने आरडाओरडा केला. परंतु त्या निशाणाखाली ज्यांच्या पूर्वजांना विकले गेले, ती मुले त्याच विद्यापीठात शिकत होती आणि त्याच संघात खेळत होती. त्यांनी ते निशाण कोणत्या डोळ्यांनी पाहावे?

आणि घंटीवाल्यांचा इतिहास तरी कोठे निष्कलंक आहे? शेतकऱ्यांच्या मुलांचे महाविद्यालय म्हणताना शेतकरी म्हणजे गोरा शेतकरी, एवढाच अर्थ होता. कृष्णवर्णीयांसाठी अल्कॉर्न येथे 1871 साली वेगळे विद्यालय काढलेले होते. स्टेटमध्ये पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी, रिचर्ड होम्स, दाखल झाला तो 1965 साली! त्याच्या दोनच वर्षे आधी, मार्च 1963 मध्ये, स्टेटच्या बास्केटबॉल संघाने एक धाडस केले. कृष्णवर्णीय खेळाडू असलेल्या संघाशी खेळावयाचे नाही, असा त्या राज्याचा अलिखित दंडक होता. न्यायालयाचा मनाईहुकूम हाती पडण्यापूर्वीच हा संघ गुपचूप राज्याबाहेर पडला आणि मिशिगनमध्ये शिकागोच्या लॉयोला संघाशी खेळला. सामना 61–51 असा हरला, पण मान खाली घालावी लागली नाही. म्हणजे ज्या विद्यापीठाने घंटीची परंपरा राखली, त्याच विद्यापीठाच्या मुलांनी एक वाईट परंपरा मोडलीसुद्धा. मला ही दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा मोठी वाटते.

तेव्हा परंपरेला मी तीन प्रश्न विचारीन. तिच्यामुळे कोणाचा अपमान होतो का? तिच्यामुळे दुसऱ्याच्या कामात अडथळा येतो का? आणि येत असेल, तर ती स्वतःला थोडा आवर घालावयास तयार आहे का? दक्षिणेचे निशाण पहिल्याच प्रश्नाला नापास होते. घंटी पहिल्यात उत्तीर्ण होते, दुसऱ्यात अडखळते आणि तिसऱ्यावर तरून जाते. आपल्या गणपतीच्या मिरवणुका, आपले ढोल, आपल्या स्नेहसंमेलनातील आरोळ्या यांनाही हेच प्रश्न विचारून पाहावेत. उत्तरे ज्याची त्याने द्यावीत.

आता थोडे स्वतःविषयी. क्षमा असावी, पण त्याशिवाय हा लेख मी का लिहिला ते कळणार नाही. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. आमच्याकडे दोन गाई आहेत. आई सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध घालते आणि त्या पैशांतून माझी फी भरली जाते. अकरावीला तालुक्याच्या गावी गेलो, तेव्हा पहाटे धारा काढून एस.टी. पकडीत असे. हजेरीला माझा नंबर आला की मागच्या बाकावरून कोणीतरी हळूच हंबरत असे. वर्ग हसे. मी काय केले? साबणाने हात तीन-तीनदा घासू लागलो, आणि वडील काय करतात असे कोणी विचारले, तर ‘बिझनेस’ असे सांगू लागलो. आज ते आठवले की, हंबरणाऱ्यांपेक्षा माझीच लाज मला अधिक वाटते. त्यांनी माझी थट्टा केली. मी तर आईबापांनाच नाकारले!

दिवाळीला घरी गेल्यावर आईला त्या सामन्याचे चित्रण दाखविले. तिने ते नीट पाहिले आणि विचारले, “एवढी शिकल्याली माणसं, अन् घंट्या कशाला वाजवत्यात?” मी माझ्या परीने सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “घंटी वाजली की जनावर कुठं हाय ते कळतं बघ. रानात हरवत न्हाई.”

मित्रहो, स्टार्कव्हिलच्या घंटीचा अर्थ याहून नेमका मला कोठे सापडला नाही. आपण कोठून आलो, हे विसरून हरवू नये, एवढ्यासाठी ती आहे. आपल्या या महाविद्यालयातही माझ्यासारखे अनेक जण घरातले पहिलेच असतील. वडिलोपार्जित घंटी आपल्याला कोणी दिलेली नाही, आणि असली तरी ती आपण पिशवीच्या तळाशी लपवून आणली आहे. ती बाहेर काढू या. दुसऱ्याच्या बोलण्याच्या वेळी ती गप्प ठेवू या, पण आपली वेळ आली की मोकळेपणाने वाजवू या.

यंदा प्रवेशाच्या अर्जावर वडिलांच्या व्यवसायाच्या रकान्यात मी ‘शेती व दूधधंदा’ असे स्वच्छ अक्षरांत लिहिले आहे.