वाळवंटातली पाण्याची वाटणी आणि आपले घर

१४ एप्रिलच्या जयंतीपासून वैशाख पौर्णिमेपर्यंतचा काळ आपल्या सणांचा. नेमका तोच कडक उन्हाचाही. बांधकामावर, नाक्यावर, कचरागाडीवर जाणाऱ्या आणि पत्र्याच्या खोलीत स्वयंपाक करणाऱ्या माणसांसाठी या दिवसांत आरोग्याचा पहिला प्रश्न ऊन हाच असतो. म्हणून आम्ही यंदा उन्हात मुद्दाम जाणाऱ्या माणसांचे उदाहरण घेतो.

ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला नलरबॉर नावाचे माळरान आहे. नावाचा अर्थच 'झाड नाही' असा. तिथे १९ डिसेंबर २०१९ रोजी ४९.९ अंश तापमान नोंदले गेले. या माळावरून जाणाऱ्या रस्त्याने जगभरातले हौशी लोक, त्यात अनेक नवरा-बायको, सायकलवर सामान आणि तंबू बांधून प्रवास करतात. नॉर्समन ते बॅलाडोनिया या १९० किलोमीटरच्या टप्प्यात वस्ती फारच विरळ आहे. लादलेल्या सायकलवर तिथे दोन दिवस जातात. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. तरी दोघांचे दोन दिवसांचे पाणी सोबत न्यावेच लागते.

श्रीमंतांची हौस म्हणून हे सोडून देऊ नये. जाणते प्रवासी कडक उन्हाळ्याचे महिने टाळतात, पहाटे निघतात, दुपारी सावली धरतात. तहान लागायची वाट न पाहता घोट घोट पितात. पाणी दोघांच्या नावाने मोजून घेतात. जो थकला त्याच्या वेगाने दोघे चालतात. आणि एकमेकांवर लक्ष ठेवतात, कारण ऊन लागलेल्या माणसाला आपण बरळतो आहोत हे स्वतःला कळत नाही. ते आधी सोबत्याला कळते.

आता आपल्या घरात पाहू. पाणी दोघांच्या नावाने मोजले जाते का? आमचे स्पष्ट मत आहे की नाही. कामावर जाणाऱ्या पुरुषाची बाटली भरली जाते. बाई मात्र मुद्दाम कमी पिते, कारण सार्वजनिक शौचालय लांब, अस्वच्छ किंवा बंद, आणि धुणीभांड्याला जाते तिथे मोरी वापरू देत नाहीत. लघवी दाबून ठेवायची म्हणून पाणी टाळायचे. त्यातून लघवीची जळजळ, जंतुसंसर्ग, मुतखडा आणि चक्कर. गरोदर बाईला तर धोका जास्त. हे दुखणे तिच्या अंगाचे नाही, वाटणीचे आहे.

म्हणून घरात नियम करा. प्रत्येकाची बाटली वेगळी, बाईचीही. लघवी फिकट पिवळी राहील इतके पाणी प्यावे. घामाच्या कामात नुसते पाणी पुरत नाही, कारण घामातून मीठही जाते. ताक, लिंबू-मीठ-साखरेचे पाणी घ्या. जुलाब किंवा जास्त थकवा असेल तर ओआरएस. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला, चमचा चहाचा. रक्तदाब, मधुमेह, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारून. गावाहून नव्याने कामाला आलेल्याला पहिला आठवडा हलके काम द्या. शरीराला उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात.

कोणी बरळू लागला, तोल जाऊ लागला, अंग तापून शुद्ध हरपू लागली तर तो उष्माघात समजा. सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला, मान, काखा आणि जांघेत ओले फडके ठेवा, लगेच १०८ला फोन करा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. तापाची गोळी इथे उपयोगाची नाही.

पण घरातल्या नियमाने अर्धेच काम होते. वाळवंटातल्या जोडप्याला महिना निवडता येतो, दुपारी थांबता येते. आपल्या माणसाची दुपार मुकादमाच्या हातात असते. म्हणून कामावर सावली, पाणी आणि दुपारची सुट्टी, आणि वस्तीत महिलांसाठी स्वच्छ, उजेड असलेले शौचालय या मागण्या आरोग्याच्याच आहेत. महिला मंडळाने त्या लेखी द्याव्यात आणि विहारातील बैठकीत पाठपुरावा घ्यावा.

२० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी आपल्याला पाण्याचा हक्क घ्यायला शिकवले. तळ्यावर मिळवलेली समता घरातल्या माठापाशी अडता कामा नये. आज संध्याकाळी घरातल्या बाईला एवढेच विचारा, दिवसभरात किती पाणी प्यालीस?

जय भीम! नमो बुद्धाय!