कार्तिकातला डोह आणि व्यापाऱ्याची जबाबदारी

मासेमारी म्हटली की लोकांना कोकण आठवते. परंतु पाऊस सरून आश्विन-कार्तिक लागला की आमच्या सोयगाव तालुक्यातही जाळी बाहेर निघतात. जिल्ह्याचे बहुतेक पाणी गोदावरीला जाते. आमचा तालुका अजिंठ्याच्या डोंगराखाली असल्यामुळे येथले पाणी उत्तरेला तापीकडे वाहते. अजिंठा लेण्यांना वळसा घालून जाणारी वाघूर त्यातलीच. पावसाळ्यात पूर, कार्तिकात गुडघाभर धार आणि चैत्रात वाळू-गोटे, असा या नद्यांचा हिशेब आहे. वाळवंटातल्या नदीचा स्वभाव याहून फार वेगळा नसतो. पाणी ओसरले की मासा डोहात गोळा होतो, म्हणून पकडायला हाच मोसम सोपा. आणि सोपा आहे म्हणूनच वर्षभराचे नुकसानही याच दोन महिन्यांत होते.

जाळे ही अखेर सुताचीच वस्तू आहे, तेव्हा कापड व्यापारी म्हणून याविषयी दोन शब्द बोलण्याचा आम्हाला हक्क आहे. पूर्वी जाळी सुती असत. ती रोज वाळवावी लागत, नाहीतर कुजत. मग नायलॉन आले, त्यामागून तंगूस आला. जाळे हलके, टिकाऊ व स्वस्त झाले, आणि भोके मात्र बारीक होत गेली. आता काही ठिकाणी मच्छरदाणीचे कापडच डोहात ओढले जाते. हे आमच्याकडेच होते असे नाही. आफ्रिकेतील टांगानिका सरोवराच्या काठी मलेरियासाठी मिळालेल्या मच्छरदाण्या मासेमारीला वापरल्या गेल्याची नोंद आहे. मच्छरदाणीतून पाणी निघते, पिल्लू निघत नाही.

व्यापाऱ्याच्या भाषेत बोलू. समजा, एका किलोत 20 पिल्ले बसली. ती आज विकली तर भाव किरकोळ मिळतो. तीच पिल्ले तलावात किंवा खोल डोहात उन्हाळ्यापर्यंत राहिली, त्यातली निम्मी मेली आणि उरलेली अर्धा-अर्धा किलोची झाली, तरी 5 किलो माल होतो, आणि मोठ्या मासळीचा भावही वेगळा. दुकानातले भांडवल खाऊन कोणी नफा झाला म्हणत नाही. मग डोहातले भांडवल खाण्याला कमाई का म्हणावे?

हे भांडवल सहज परत येत नाही. रोहू, कटला, मृगळ हे मासे साठलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यांना पुराचे वाहते पाणी लागते. 1957 साली डॉ. हिरालाल चौधरी यांनी इंजेक्शनच्या साहाय्याने त्यांची पैदास करून दाखविली, तेव्हापासून तलावात बोटुकली सोडण्याचा मार्ग खुला झाला. पण ती पैसे देऊन आणावी लागते. मरळ मात्र हवेतला श्वास घेऊन थोड्या पाण्यातही तग धरते आणि पिल्लांची राखण करते. तिला फक्त डोह शिल्लक हवा. कोणी त्यात विष टाकले किंवा सुरुंग लावला तर ती तरी काय करणार? कायद्याने या दोन्ही गोष्टींना बंदी आहे. कायदा आहे, अंमल मात्र गावानेच करायचा आहे.

आता दोष केवळ मासे पकडणाऱ्याच्या माथी मारणे बरोबर नाही. ज्याने मोसमाआधी उचल घेतली आहे, त्याला माल लवकर द्यावा लागतो, भावही उचल देणाराच ठरवतो. पाण्यातला मासा हाती येण्यापूर्वी विकणे फिकहच्या किताबांत नाजायज ठरविले आहे, कारण जे हाती नाही त्याचा सौदा धोक्याचा. यातली हिकमत डोहाकाठी चांगली समजते. गरजवंताला कर्ज द्यावे, पण त्याच्या जाळ्यावर ताबा सांगू नये. 2018-19 पासून मच्छीमारांनाही किसान क्रेडिट कार्ड मिळू शकते आणि 2025 साली राज्य सरकारने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. हे अर्ज भरून देण्याचे काम आमचे शिकलेले तरुण सहज करू शकतात.

मासळीला जबीहा लागत नाही, म्हणून हा माल सर्व समाजांच्या ताटात जातो. पकडणारा भोई, विकणारा मुसलमान, घेणारा कुणबी, असा हा भाईचाऱ्याचा धंदा आहे. डोह आटला तर सर्वांचीच रोजी जाते.

म्हणून व्यापारी बांधवांना आमच्या तीन सूचना आहेत. मासळीवाल्यांनी बोटभर पिल्लांचा माल घेऊच नये. गिऱ्हाईक नसेल तर बारीक जाळे आपोआप घरी राहील. जाळी व सूत विकणाऱ्यांनी मोठ्या भोकांचे जाळे दुकानात ठेवावे आणि घेणाऱ्याला हप्त्याची सवलत द्यावी. मच्छरदाणी कशाला नेता अशी चौकशी करण्याचा दुकानदाराला हक्क नाही, पण सल्ला देण्याचा जरूर आहे. आणि प्रत्येक गावाने एक खोल डोह ठरवून त्यात पुढच्या पावसापर्यंत जाळे टाकू नये. तो डोह गावाची अमानत आहे. आषाढात पाणी आले की त्याच डोहातून नदी पुन्हा भरेल, आणि बरकत तेथूनच सुरू होईल.